फावडं नसलेलं शहर

अंगातलं पातळ जॅकेट चालणार नाही आणि पायांतले कॅनव्हासचे बूट तर मुळीच नाहीत. तुम्ही उतरता आहात माद्रिदमध्ये, ७ जानेवारी २०२१ च्या संध्याकाळी. मास्क नाकावर ओढा. कोविडची तिसरी लाट चढते आहे आणि मध्यरात्रीपासून संचारबंदी असते. काल इथे तीन राजांचा सण झाला. मिरवणूक निघाली नाही, तरी घरोघरी मुलांना भेटी मिळाल्या.

पुढचे दहा-बारा दिवस कसे जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या काळात उतरलेल्या माणसाला पहिली घाई होते ती सांगण्याची: ऐका, सावध व्हा! पण इथे तुमच्याजवळ नवीन सांगण्यासारखं काही नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये टीव्हीवर नकाशा दिसतो आहे. स्पेनच्या हवामान खात्याने वादळाला नावसुद्धा दिलं आहे, फिलोमेना. देशावर थंड हवा ठाण मांडून बसली आहे. अटलांटिकवरून, कॅनरी बेटांच्या बाजूने येणारं हे वादळ दमट, उबदार हवा घेऊन तिच्या अंगावर चढणार. जड हवा खाली, हलकी ओली हवा वर; वरून निघालेला बर्फ जमिनीपर्यंत बर्फच राहणार. उद्या लाल इशारा लागेल, म्हणजे चोवीस तासांत वीस सेंटिमीटरहून जास्त. काउंटरमागचा माणूस ते ऐकतो, मान हलवतो आणि तुमची कॉफी पुढे सरकवतो. त्याला बोल लावू नका. वीस सेंटिमीटर बर्फ म्हणजे काय, हे त्याच्या हातांना माहीत नाही. १९७१ नंतर या शहराने तसं काही पाहिलेलंच नाही.

शुक्रवारी, ८ तारखेला, तुम्ही एम-४० या वळणरस्त्यावर गाडीत आहात. दुपारनंतर पडायला लागलेला बर्फ आता थांबायचं नाव घेत नाही. पुढचा ट्रक चढावर आडवा होतो. मागे रांग लागते. टायरांवर चढवायच्या साखळ्या कुणाकडेच नाहीत, कारण इथे त्या लागत नाहीत. तासाभराने मागच्या गाड्यांचे दिवे दिसेनासे होतात. हीटर चालू ठेवावा तर पेट्रोल संपेल, बंद करावा तर बोटं बधिर होतील. आणि एक गोष्ट विसरू नका: दर थोड्या वेळाने बाहेर उतरून धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने उकरा. नळी बुजली आणि इंजिन चालू राहिलं, तर विषारी वायू आत भरतो आणि माणसाला कळायच्या आत झोप लागते. शेजारच्या गाडीच्या काचेवरही टकटक करा. त्यांना हे ठाऊक असेलच असं नाही.

अशा गाड्यांतून माद्रिद परिसरात सुमारे १,५०० माणसं अडकली होती. रात्र त्यांनी तशीच काढली. त्यांच्यापर्यंत पोचलं ते लष्कराचं आपत्कालीन पथक, फावडी आणि ब्लँकेटं घेऊन, एकेका दारापाशी. संध्याकाळीच बाराखास विमानतळ बंद पडला होता, शहराच्या बसही थांबल्या.

शनिवारी सकाळी तुम्ही ग्रान व्हियावर उभे आहात आणि आवाज नाही. एरवी वाहतुकीने भरलेला रस्ता, आणि त्यावरून माणसं स्कीवर घसरत चालली आहेत. एक जण कुत्र्यांची घसरगाडी घेऊन आला आहे. कायाओच्या चौकात शेकडो तरुण एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकताहेत; पोलीस येऊन त्यांना पांगवतात, कारण गर्दीला बंदी आहे. दहा महिने निर्बंधांत काढलेली ही माणसं आहेत. त्यांचं हसू मला अगदी खरं वाटतं, आणि ते कुणी त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये असंही वाटतं.

पण जरा बारकाईने बघा. स्की आल्या कुठून? साठेक किलोमीटरवर ग्वादर्रामाचे डोंगर आहेत, नावासेर्रादाला हिवाळ्यात लोक सुट्टीला जातात. बर्फ त्यांना सुट्टीच्या दिवशी भेटतो, दाराशी क्वचितच. म्हणून माळ्यावर स्की आहेत आणि फावडं नाही. इमारतीच्या दारात या, दिसेल. एक आजोबा केराच्या सुपलीने पायऱ्या मोकळ्या करताहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ओव्हनचा ट्रे घेऊन आल्या आहेत, त्यांचा मुलगा पातेल्याने बर्फ भरून रस्त्याकडे भिरकावतो. कुणी स्वयंपाकघरातलं मीठ मुठीमुठीने पसरतं. तुम्हीही एक ट्रे घ्या. ताजा बर्फ पिसासारखा दिसतो, पण दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. काही भागांत तो अर्ध्या मीटरपर्यंत साचला आहे. साऱ्या गल्लीची सकाळ खपून दारापासून रस्त्यापर्यंतची एक पायवाट तयार होते, आणि पडणं चालूच असल्यामुळे दुपारपर्यंत ती पुन्हा बुजते.

संध्याकाळी बर्फ थांबतो. जवळजवळ तीस तास झाले. आता एका नर्सबरोबर चालायला निघा.

तिची रात्रपाळी आहे. वॉर्डात कोविडचे रुग्ण आहेत आणि तिथल्या नर्स सकाळपासून, काही जणी तर कालपासून, घरी गेलेल्याच नाहीत. कारण त्यांची जागा घ्यायला कुणी पोचलेलं नाही. मेट्रो चालू आहे, रात्रभर चालू ठेवली आहे, आणि त्या आठवड्यात या शहराला तगवलं ते जमिनीखालच्या त्या गाड्यांनी. पण तिचं घर मेट्रोच्या टोकाच्याही पलीकडे आहे. म्हणून ती रस्त्याच्या मधोमध चालते, कारण कडेला झाडं मोडून पडताहेत. गुडघाभर बर्फातून चालण्याची पद्धत तिला माहीत नव्हती, ती चालता चालता शिकली: पुढच्याने पाडलेल्या खड्ड्यातच पाय टाकायचा. तुमच्या पोटऱ्यांना २६ जुलै २००५ ची मुंबई आठवत असेल. तेव्हाही पाण्यातून माणसं अशीच पुढच्याच्या पाठीकडे बघत घरी गेली होती. ही मात्र घरापासून लांब, कामाकडे चालली आहे. त्या दोन दिवसांत माद्रिदच्या रुग्णालयांत चौदा-पंधरा किलोमीटर आणि त्याहूनही जास्त चालत आलेले कर्मचारी होते. मध्येच एक जीप थांबते. ज्यांच्याकडे चारही चाकांवर जोर असलेल्या गाड्या होत्या, त्यांनी फोनवर गट करून डॉक्टर-नर्सना पोचवायला सुरुवात केली होती. ती बसते, हात हलवते. तुम्ही चालत राहा, जीपमधली जागा तुमच्यासाठी नाही.

रविवार-सोमवार जाऊ द्या. मंगळवारी, १२ तारखेला, पहाटे बाहेर पडा, पण भिंतीला धरून. आता थंडी उतरली आहे. तेरुएल भागात पारा उणे २५ अंशांच्या खाली गेला, माद्रिदच्या आसपास उणे दहाच्याही खाली. शनिवारी ज्या बर्फावर सगळे नाचले, तो पावलांखाली दबून काचेसारखा झाला आहे. सुपलीने निघत होता तेव्हा उचलला गेला नाही, आता कुदळीलाही दाद देत नाही. अस्थिव्यंग विभागांत मनगटं आणि खुबे मोडलेली माणसं येताहेत, बहुतेक वयस्कर, दूध आणायला निघालेली. कचरा उचलला गेलेला नाही. मेर्कामाद्रिद हा घाऊक बाजार शनिवारी बंद पडल्यामुळे दुकानांत ताजी भाजी अपुरी आहे. आसपासच्या गावांतले शेतकरी आपले ट्रॅक्टर घेऊन शहरात आले आहेत आणि रस्ते उकरताहेत. शाळा उघडण्याची तारीख पुढे पुढे चालली आहे.

रेतिरो बागेच्या कुंपणापाशी थोडं थांबा. आत सोडणार नाहीत. बाग कित्येक आठवडे बंद राहणार आहे. पण फाटकातूनही दिसतं. ज्या झाडांनी शरद ऋतूत पानं गाळली होती, त्यांच्या उघड्या फांद्यांवरून बर्फ बराचसा घसरून गेला. मोडली ती हिवाळ्यातही हिरवी राहणारी: सदाहरित ओक, छत्रीसारखे पाइन, देवदार. प्रत्येक पानाने, प्रत्येक सुईने बर्फ धरून ठेवला आणि फांदी खांद्यातून उखडली. कोरड्या उन्हाळ्यात जगायला शिकलेली ही झाडं आहेत. पानं टिकवून धरणं हेच त्यांचं बळ. महापालिकेच्या मोजणीत बाधित झाडांचा आकडा पुढे काही लाखांवर गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये ही बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मला ती बातमी वाचताना आधी ती उखडलेली खोडं आठवली.

आता शेवटचा मुक्काम, शहराच्या आग्नेयेला: कान्यादा रेआल. जुन्या गुराखी-वाटेवर किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली वस्ती, कागदावर अनधिकृत. तिच्या काही भागांत २ ऑक्टोबर २०२० पासून वीज नाही. अंधारात राहणारी माणसं ४,००० च्या आसपास, त्यांत मुलं सुमारे १,८००. डिसेंबरातच संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सरकारला सांगितलं होतं, की ताबडतोब वीज द्या. हवामान खात्याचा लाल इशारा इथेही लागू होता. तो मोबाइलवर वाचायचा, तर आधी मोबाइल चार्ज करायला दुसरीकडे जावं लागत होतं.

फिलोमेनाबद्दल बोलताना निसर्गाचा तडाखा असं लोक म्हणतात. मला ते मान्य नाही, निदान इथे उभं राहून तरी नाही. बाराखास विमानतळ रविवारी उघडायला लागला. १९ तारखेला सरकारने माद्रिदला आपत्तिग्रस्त जाहीर केलं, मदतीची दारं उघडली. कान्यादातही बर्फ वितळला. वीज आली नाही, आणि नंतरचे हिवाळेही विजेविना गेले.

एक टेम्पो चिखलात थांबला आहे. शहरातून काही जण सरपण आणि गॅसचे सिलिंडर घेऊन आले आहेत, आणि पुढे गाडी जात नाही. दुसऱ्या बाजूने हात लावा. त्या निळ्या पत्र्याच्या घरात तान्हं मूल आहे, आधी तिकडे न्यायचं आहे.