पहिलीत नाव घातलं, पण डोळे तपासले का?

मंडळी, जून आला की शाळांचा प्रवेशोत्सव असतो. गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, कुठे बैलगाडीतून मिरवणूक. बातमीदारीच्या निमित्ताने असे किती तरी कार्यक्रम पाहिले. प्रवेशाला जन्मदाखला मागतात, आधार मागतात. डोळे तपासल्याचा कागद मागितलेला मी आमच्याकडे तरी पाहिलेला नाही. पोराला फळ्यावरचं दिसतं की नाही, हे कुणी बघायचं? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे, म्हणून आज थोडा इतिहास.

दवाखान्यात भिंतीवर तो तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणारं, तो १८६२ साली हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलन या डॉक्टरांनी बनवला. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जी ओळ वाचता यावी ती वाचता आली की 'सहा बाय सहा'. एक कागद आणि सहा मीटर जागा. एवढ्यात नजर मोजता येऊ लागली.

पुढे पाचच वर्षांनी, १८६७ मध्ये, ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) हर्मन कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. खेड्यातल्या शाळांत लांबचं न दिसणारी मुलं शंभरात एक-दोन, तर वरच्या शिक्षणाच्या शाळांत पाव भागाहून जास्त. कमी उजेड, चुकीची बाकं आणि सतत जवळचं वाचन यांकडे त्यांनी बोट दाखवलं. शाळेचा आणि डोळ्यांचा काही संबंध आहे, हे जगाला कळलं ते अशा मोजणीतून.

मग कायदे आले. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १८९९ मध्ये मुलांची नजर तपासायचं काम थेट शिक्षकांवर सोपवलं. इंग्लंडने १९०७ च्या कायद्याने शाळेत येणाऱ्या मुलाची वैद्यकीय तपासणी स्थानिक संस्थांना बंधनकारक केली.

आणि आपल्याकडे? इथे मान जाते बडोद्याला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ही पहिली मानली जाते. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पोराला शाळेत यायची सक्ती करायची, तर त्याचं शरीर शिकण्याजोगं आहे का, हे बघणंही सरकारचंच काम.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने मात्र देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच, असं नोंदवलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. पण त्यातल्या शालेय तपासणीचा भर बराच काळ १० ते १४ वर्षांच्या मुलांवर राहिला.

इथेच खरी मेख आहे. एका डोळ्याला जास्त नंबर असला किंवा डोळा तिरळा असला, की मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र सोडून द्यायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा उपाय साधारण सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. पुढे तो अवघड होत जातो. म्हणजे पाचवीत तपासणी झाली, तोवर निम्मी गाडी सुटलेली असते. आणि पोरगं तक्रार करत नाही. करणार कशी? जन्मापासून त्याला जग तसंच दिसतंय. सगळ्यांनाच असं दिसतं, असं त्याला वाटतं. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. डॉक्टरांच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं, त्यात नजरही बघायची, अशी ही योजना. पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. गावातल्या विनाअनुदानित इंग्लिश मीडियममध्ये फी भरून घातलेलं पोरगं तिच्या बाहेरच राहतं.

म्हणून सांगतो. पथक शाळेत कधी येणार, हे मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. घरी पोराचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली चित्रं ओळखायला सांगा. मग दुसरा झाका. एका डोळ्याने ओळखतोय आणि दुसऱ्याने अडतोय, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतोय, मान वाकडी करून बघतोय, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. काहीच वाटलं नाही तरी पहिलीच्या आधी एकदा तपासून घ्याच, कारण घरच्या परीक्षेत सगळं कळत नाही.

बडोद्यात हे १९०९ मध्येच सुचलं होतं. आपल्या तालुक्यात पुढच्या जूनपर्यंत तरी सुचायला हरकत नाही.