पडावातलं बिऱ्हाड

आमच्या घरात काळाचे दोनच भाग होते, 'वाड्यावर असताना' आणि 'पडावात आल्यावर'. आत्या एखाद्या लग्नाची किंवा दुखण्याची गोष्ट सांगायला लागली की काका मधेच विचारायचे, "हे वाड्यावरचं की पडावातलं?" ते कळलं की पुढचं आपोआप कळायचं: घरात दूध किती होतं, माईच्या हातात बांगड्या कुठल्या होत्या, अण्णा दुपारी घरी जेवायला येत होते की नव्हते. सन कुणालाच धड आठवत नसे, पण या प्रश्नाचं उत्तर कधी चुकत नसे.

वाडा म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला एका मराठा सरदारांचा वाडा. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी 1810 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि ती पुढे उठलीच नाही. तेच आमचं लष्कर. चिटणीसांची गोठ, निंबाळकरांची गोठ, मामाचा बाजार, खासगी बाजार, पाटणकर बाजार ही नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. सरदारांबरोबर त्यांचे कारभारी आले, कारकून आले, भटजी आले, पाणके आले. आमचे कुणी पणजोबा की खापरपणजोबा असेच दफ्तराच्या मागून आले. कुठून आले यावर घरात दोन मतं आहेत. आत्या सातारा म्हणते, काका वाई म्हणायचे. पण अण्णा, म्हणजे माझे आजोबा, त्या दफ्तरात बसणारे आमच्या घरातले निदान तिसरे, एवढं नक्की.

अण्णांचं काम जहागिरीच्या गावांचा हिशेब ठेवायचं. लाल रुमालात बांधलेले कागद, मोडीतल्या वह्या, खंडोगणती धान्याची आवक, वसूल, बाकी. बोरू ते स्वतः तासत. आत्या सांगते, टाक घरात आला तरी वाड्याच्या कागदाला त्यांनी कधी टाक लावला नाही. पगार थोडाच होता. काका पन्नास रुपये सांगत, आत्या पंचेचाळीसवर ठाम. पण वाड्याच्या मागच्या बाजूला राहायला दोन खोल्या आणि पडवी, गावाकडून गहू, तूप, गूळ, दसऱ्याला धोतरजोडी आणि माईला, म्हणजे माझ्या आजीला, लुगडं. पुरणपोळीच्या दिवशी मुदपाकखान्यातून ताट यायचं. थंडीत गजक यायची, तीळ कुटून कुटून इतकी हलकी केलेली की दातांना काम नको. असं आयुष्य बदलेल हे कुणाच्या मनातही आलं नसणार.

मग स्वराज्य आलं. 28 मे 1948 ला पंडित नेहरू ग्वाल्हेरला आले आणि ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहान संस्थानं मिळून मध्यभारत झाला. ग्वाल्हेरचे महाराज त्याचे राजप्रमुख झाले, मोतीमहालात सचिवालय भरायला लागलं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. अण्णा मिरवणूक बघायला गेले होते आणि घरी येऊन त्यांनी मुलांना पेढे दिले. वाड्यात त्या दिवशी कुणी फारसं बोलत नव्हतं म्हणे, पण अण्णांना मनापासून आनंद झाला होता. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे जे झालं त्याच्या रागात त्यांनी हा आनंद कधी परत घेतला नाही.

जहागिरी खालसा करण्याचा कायदा 1951 मध्ये झाला. कागदोपत्री संवत 2008. प्रत्यक्ष गावं सरकारात जायला आणखी काही महिने गेले. तेवढ्या काळात अण्णांनी रात्री कंदील लावून सगळी दफ्तरं नीट लावली, गाववार याद्या केल्या, सरकारच्या माणसांना मोडी येत नव्हती म्हणून देवनागरीत उतरवून दिल्या. जे काम संपवल्यावर आपली नोकरी संपणार, ते काम त्यांनी इतक्या मन लावून का केलं, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, "दुसरं काय करणार? हिशेब अर्धा टाकून उठायची त्यांना सवयच नव्हती."

त्यांना कुणी अपमान करून काढलं नाही. वाड्यातल्या धाकट्या सरकारांनी बोलावून सांगितलं, गावंच राहिली नाहीत तर कारकून कशाला? सांगताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, असं माई सांगायची. जहागीरदारांना कायद्यानं मोबदला ठरला होता, तो हप्त्याहप्त्यानं येणार होता. त्यातलं आमच्याकडे काही आलं नाही. तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. अण्णांचं वय तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. आत्या चौदा वर्षांची, तिच्या पाठीवर काका आणि मग बाबा.

लष्करात भाड्याची खोली परवडेना, आणि खरं सांगायचं तर ओळखीच्या गल्लीत लहान घर घ्यायचं माईच्या जिवावर आलं. म्हणून बिऱ्हाड पडावात आलं. स्टेशन जवळ, खोली स्वस्त, आजूबाजूला रेल्वेची माणसं. लष्करातल्या नातेवाइकांना पडाव म्हणजे गावाबाहेर. रात्री छोट्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. दोन फुटी रुळांवरची ही गाडी श्योपूरपर्यंत दोनशे किलोमीटर जायला दिवस घ्यायची. 2020 मध्ये ती कायमची थांबली. नवख्या घरात पहिल्या रात्री बाबा त्या शिट्टीनं रडले, म्हणून शेजारच्या खोलीतल्या गार्डाच्या बायकोनं गुळाचा खडा आणून दिला. ती सबलगडकडची. माईला मराठी सोडून नीट काही बोलता येत नसे, आणि त्या बाईला हिंदीही तिच्या घरच्या बोलीतलंच येई. तरी दोघींचं जमलं ते शेवटपर्यंत. बाजरीचं जाड टिक्कड चुलीच्या निखाऱ्यावर कसं शेकायचं ते माई तिच्याकडून शिकली, आणि तिच्या घरी वरणफळं गेली.

संध्याकाळी अण्णा मुलांना घेऊन फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी जात. गंगादासाच्या शाळेतल्या साधूंनी राणीच्या देहाला इंग्रजांचा हात लागू दिला नाही, 745 साधू तिथे कामी आले, ही गोष्ट पडावात प्रत्येक मूल ऐकतं. आमच्या माईकडे याला जोडून आणखी एक गोष्ट होती, तिच्या आजीनं पाहिलेली म्हणे, पण ती दर वेळी थोडी वेगळी व्हायची. ती सोडून देते.

नोकरी शोधणं म्हणजे काय, हे अण्णांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी आयुष्यात अर्ज लिहिला नव्हता. पण सकाळची आंघोळ, संध्या, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि दहाच्या आत घराबाहेर, हे एक दिवस चुकलं नाही. सकाळी निघून मोतीमहाल, तिथून महाराज बाड्यावर गोरखीच्या कचेऱ्या, दुपारी एखाद्या वकिलाची ओसरी, मग चालत परत. सरकारी नोकरीची वयोमर्यादा केव्हाच उलटलेली. "अक्षर छान आहे," असं सगळे म्हणत. आत्याकडे त्यांचा एक अर्ज आहे, न दिलेला. पाठपोट सरळ रेषा, एक खाडाखोड नाही, मायना इतका लांब की मुद्दा दुसऱ्या पानावर येतो. वाड्याकडून सरकारला लिहायचं तर तशीच रीत होती. एका कारखान्यात टायपिंग येतं का विचारलं. नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून हिंदी टायपिंगच्या वर्गात बसायला लागले, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये. बोरूला सरावलेली बोटं कळ दाबायला तयार होईनात. तीन महिन्यांनी त्यांनी तो नाद सोडला.

नोकरीसाठी नाव नोंदवायच्या रांगेत त्यांना संस्थानच्या फौजेतले लोक भेटत. फौजेच्या काही पलटणी हिंदी सैन्यात गेल्या, काही माणसं घरी आली. एक जुने रिसालदार रांगेतसुद्धा मिशांना पीळ देऊन उभे राहत, आणि अण्णा त्यांना मुजरा करत. रांगेतली पोरं हसत. अण्णांना त्याचं काही वाटत नसे.

त्या हिवाळ्यात मेळ्यात काम मिळालं. ग्वाल्हेरचा मेळा माधव महाराजांनी 1905 मध्ये सुरू केला, अण्णांचा जन्मही त्याच्याच आगेमागे. लहानपणापासून ते तिथे गुरं बघायला, पुढे सरदारांबरोबर घोडे बघायला गेलेले. आता एका कापडवाल्याच्या दुकानात मालकाच्या गादीपाशी खाली बसून रोकड लिहायची. वाड्यातली मंडळी मेळ्यात येणार हे ठरलेलं. धाकटे सरकार दुकानापाशी आले तेव्हा अण्णा उठून उभे राहिले आणि मग खाली बसून जमाखर्च लिहू लागले. हे काकांनी पाहिलं होतं. ते सांगताना काकांचा आवाज सत्तरीतही बदलायचा.

घर चाललं माईच्या पापडांवर. उडदाच्या डाळीचं पीठ, पापडखार, मिरे, हिंग. पीठ तेलाच्या हातानं वरवंट्यानं कुटायचं, वळकटी करायची आणि दोऱ्यानं लाट्या कापायच्या. सुरीनं नाही, सुरीनं कड दबते. आत्या दुपारभर लाटायची. पापड लष्करातल्या ओळखीच्या घरी मागच्या दारानं जात, गार्डाच्या बायकोच्या हातून, म्हणजे कुणाचे ते कळू नये. ज्यांना कळायचं त्यांना चवीवरून कळलंच होतं. त्यातल्या एकीनंही कधी तोंडावर विचारलं नाही, आणि दर महिन्याला शेर-दोन शेर जास्तच घेतले. त्या बायकांचं ऋण आमच्या घरावर आहे.

शेवटी काम मिळालं ते पडावातच. स्टेशनजवळ एका आडत्याची पेढी होती. रेल्वेनं जाणाऱ्या धान्याच्या बिल्ट्या, तोल, हमाली, आडत, खतावणी. शेठजींच्या वह्या मुडियात. मोडी जाणणाऱ्या अण्णांनी ती लिपी पंधरवड्यात उचलली. पगार वाड्यापेक्षा कमी आणि गहू-तूप आता पेढीवर फक्त बघायचं. नातेवाइकांत 'अमक्यांचा जावई बनियाकडे मुनीम झाला' असं बोललं गेलं. अण्णांना लोक 'मुनीमजी' म्हणायला लागले आणि ते ओ द्यायला लागले.

नोकरी गेलेल्या माणसाबद्दल आपण एकतर कीव करतो नाहीतर कायद्याला शिव्या देतो. अण्णांनी दोन्ही करू दिलं नाही. गावांमध्ये वसुलीच्या वेळी काय चालायचं ते त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, कुणाची बैलजोडी गेली, कुणाची बाकी तीन पिढ्या फिटली नाही. "कायदा बरोबरच होता," ते म्हणत. मला मात्र वाटतं, कायदा बरोबर असला तरी मधल्या माणसांचं काय करायचं याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. राजाचं इतिहासात नाव आहे, रयतेचा उल्लेख आहे. कंदिलाशी बसून याद्या उतरवणाऱ्यांबद्दल एक ओळ सापडत नाही. आणि असे कारकून, पोतनीस, हुजरे लष्करात घरोघर होते.

हे सगळं मी बाबांच्या तोंडून सलग असं एकदाच ऐकलं. बाबा एजी ऑफिसात होते. 1956 मध्ये राजधानी भोपाळला गेली तरी महालेखाकारांची कचेरी ग्वाल्हेरात राहिली आणि तिच्या आधारानं आमच्यासारखी कितीतरी घरं उभी राहिली. नव्वदीच्या सुरुवातीला बिर्लानगरातली जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे सगळ्या गावाची जेसी मिल, बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. थकलेल्या देण्यांचा झगडा पुढे तीन दशकं चालला. आमच्या गल्लीतले एक भाईसाहेब तिथल्या विणाई खात्यात वीस-बावीस वर्षं होते. मालनपूरला नवे कारखाने उभे राहत होते, पण तिथे तरुण पोरं हवी होती. ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि काही बोलत नसत.

एका संध्याकाळी बाबांनी त्यांना पेढीवरचा एक दिवस सांगितला. हंगामात गाड्यांची रीघ लागलेली. जुन्या जहागिरीच्या एका गावचा माणूस गव्हाची गाडी घेऊन आला. अण्णांनी त्याला ओळखलं, त्यानं यांना. पूर्वी त्याचा गहू वाड्याच्या नावे जमा व्हायचा. अण्णांनी सवयीनं विचारलं, कुणाच्या नावे लिहू? तो म्हणाला, "जे गेहूं अब हमाओ है, कारकुनजी." अण्णांनी बोरू पुसला, नवा बुडवला आणि त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव असं पूर्ण लिहिलं. बाकीच्यांचं नुसतं नाव लिहायची पद्धत होती. त्या दिवशी घरी येऊन ते माईला म्हणाले, आज हिशेब छान लिहिला.

भाईसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "और तनखा कब बढ़ी?"

"दिवाळीला," बाबा म्हणाले. "पाच रुपये."

माई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. आतून ओरडली, "पाच नाही रे, तीन. आणि त्यांच्या बायकोला उद्या माझ्याकडे पाठवा. पापडखार बाड्यावरच्या दुकानातूनच आणायचा म्हणावं, स्टेशनवरचा घेऊ नये, पापड तांबडे होतात."

ती आली. पोळपाट तिनं स्वतःचा आणला होता. माई खाटेवर बसून पिठाला बोट लावून सांगत होती, अजून कुटा, अजून. भाईसाहेबांना पुढे दाल बाजारात एका गोदामावर माल मोजून घ्यायचं काम लागलं, पण त्याला दीड-दोन वर्षं गेली. तोवर आमच्या गच्चीवर दोन घरांचे पापड वाळत होते, आणि त्यांची धाकटी पोर काठी घेऊन कावळे हाकत बसायची.