रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई

रॉयल ऑपेरा हाऊस : गिरगाव चौपाटीजवळ, चर्नी रोड आणि ग्रँट रोड या स्थानकांच्या दरम्यान मामा परमानंद मार्गावर असलेले बरोक शैलीचे नाट्यगृह. बांधकामाला आरंभ १९०९. पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन १९११. खेळांना सुरुवात ऑक्टोबर १९१२. उरलीसुरली कामे १९१५ पर्यंत. १९३५ पासून चित्रपटगृह, १९९३ मध्ये बंद, जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा खुले. आसने ५७५. भारतात टिकून राहिलेले हे एकमेव ऑपेरागृह मानले जाते.

वास्तू दक्षिण मुंबईत असली, तरी तिचा आजचा मराठी प्रेक्षक बव्हंशी उपनगरांत राहतो. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी या भागांतील चाळींतून गेल्या साठसत्तर वर्षांत कितीतरी कुटुंबे बोरिवली, मुलुंड, अंधेरी, डोंबिवलीकडे गेली. त्यांतल्या ज्येष्ठांसाठी ऑपेरा हाऊस म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे सिनेमाचे थिएटर होते. दुसरीकडे, घाटकोपर, मालाड, बोरिवलीहून हिऱ्याच्या धंद्यासाठी रोज इथे येणाऱ्यांना हे नाव माहीत होते ते बाजारपेठेचे म्हणून. पंचरत्न इमारत आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या म्हणजे देशातला मोठा हिरेबाजार होता. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर तो बराचसा तिकडे सरकला. या मोहल्ल्याला नाव देणारी इमारत मात्र त्या काळात कुलूपबंद होती. बसच्या पाटीवर ऑपेरा हाऊस, दुकानाच्या पत्त्यात ऑपेरा हाऊस, आणि आत पाऊल ठेवलेला माणूस शोधावा लागावा, अशी स्थिती वीस वर्षांहून अधिक काळ राहिली.

नाट्यगृह उभे केले ते दोघांनी. मॉरिस बँडमन हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला नाट्यव्यवस्थापक कोलकात्यात ठाण मांडून होता. जिब्राल्टरपासून जपानपर्यंतच्या बंदरांत त्याच्या कंपन्या फिरत. दुसरा जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीतून पैसा मिळवलेला पारशी व्यापारी. ब्राझीलमधील मानाउसचे ऑपेरागृह (१८९६) रबराच्या पैशावर उभे राहिले, हानोईचे (१९११) फ्रेंच वसाहतीच्या राजधानीची शान म्हणून. मुंबईच्या ऑपेरागृहामागे गिरण्या, गोद्या आणि आगबोटींच्या शहरातला कोळसा होता. बँडमनच्या कंपनीच्या नावात ‘ऑपेरा’ असले, तरी तो आणत असे ते मुख्यतः लंडनमधले हलकेफुलके संगीतप्रधान सुखान्त खेळ. व्हेर्दी किंवा मोझार्टचे पूर्ण आकाराचे ऑपेरे इथे रोज होत होते अशी कल्पना कोणी करून घेऊ नये. इमारत मात्र त्याच परंपरेतली बांधली गेली, आणि तिचे खरे मोल त्यात आहे.

ही परंपरा समजून घेतल्यावाचून या वास्तूची भेट अपुरी राहते. ऑपेरा हा ध्वनिवर्धकाविना गायचा प्रकार. गायकाला पन्नास-साठ वाद्यांच्या वर आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी वादकांना रंगमंचासमोर खोलगट जागेत, म्हणजे पिटात बसवतात; त्यामुळे वाद्यांचा नाद थोडा दबतो आणि गळा मोकळा वर येतो. गायकही आवाजाची घडण अशी करतो की सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपास त्याच्या स्वराला खास जोर येतो. वाद्यवृंदाचा जोर तिथे कमी पडतो, म्हणून गाणे वाद्यमेळातून स्पष्ट निघते. बाकीचे काम वास्तूचे. ऑपेरा हाऊसचे छत असे बांधले आहे, की वरच्या गॅलरीतल्या माणसालाही शब्द न् शब्द कानी पडावा. नक्षीकाम, बाल्कन्यांचे वळणदार कठडे, लाकूडकाम ही सारी सजावट ध्वनी विखरून सम करण्याच्या कामीही येते. गुळगुळीत सपाट भिंतींवरून उमटणारा प्रतिध्वनी अशा सभागृहात तितका जाणवत नाही.

आता याच गरजा मराठी संगीत नाटकाच्या होत्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले तेव्हापासून निदान अर्धशतक मराठी नट विनाध्वनिवर्धक गात होता. रंगमंचाच्या पुढ्यात साथीदार बसत. बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, अहमदजान थिरकवांचा तबला होता. समोर गाणारा, पायाशी साथ, वर दोन मजल्यांवर प्रेक्षक: युरोपातून आयात केलेल्या या नकाशात मराठी नाटक जराही ओढाताण न होता बसले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ मंगेशकर, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर यांच्यासारखे गायक-नट या रंगमंचावर उभे राहिले. बँडमनचे दौरे इतिहासजमा झाले. या वास्तूला तिचे योग्य गाणे मिळाले ते आपल्या लोकांकडून, असे म्हणण्यास जागा आहे. पावणेदोन शतकांपूर्वीच्या ग्रँट रोड थिएटरपासून, जिथे १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी खेळ केले, हीच गोष्ट मुंबईत पुन्हा पुन्हा घडत आली: बांधकाम एकाचे आणि वापर दुसऱ्याचा, आणि तो वापर अधिक टिकाऊ.

परिसरही गाण्याचा. फ्रेंच ब्रिजजवळच्या मोदी चेंबर्समध्ये बी. आर. देवधरांचे संगीत विद्यालय भरत असे, जिथे कुमार गंधर्व शिकले. केनेडी ब्रिजच्या अंगाला वाद्यांची दुकाने आणि गाणाऱ्या बायकांची वस्ती होती. त्या बायकांच्या गळ्यांतली ठुमरी-दादरा हाही मुंबईच्या संगीताचा भाग आहे, आणि शहराच्या सांस्कृतिक इतिहासात त्याला मिळालेली जागा फार अपुरी आहे. चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेस मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह. ऑपेरा हाऊस पाहायला येणाऱ्याने तास-दीड तास आधी येऊन हा भाग पायी फिरावा. इमारत कुठल्या मुशीत वाढली ते मग कळते.

१९२५ मध्ये पॅथे कंपनीने जागा भाड्याने घेऊन वृत्तपट दाखवायला सुरुवात केली आणि १९३५ मध्ये ती पूर्णपणे चित्रपटगृह झाली. बोलपटाने संगीत नाटकाचा कणा मोडला, तसाच त्याने या इमारतीचा वापरही पालटला. तरी रंगमंच एकदम सुटला नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्सची ‘दीवार’, ‘पठाण’ यांसारखी नाटके याच मंचावर होत. खेळ संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि जमलेला पैसा गरजूंकडे जाई. स्वतःचे कायमचे नाट्यगृह मात्र त्यांच्या हयातीत झाले नाही. ते झाले नोव्हेंबर १९७८ मध्ये, जुहूला, शशी आणि जेनिफर कपूर यांच्या हातून. उपनगरातल्या ज्या पृथ्वी थिएटरला अंधेरी-पार्ल्याचा प्रेक्षक आपले मानतो, त्याचे मूळ असे ऑपेरा हाऊसच्या दारात आहे. जुहूचे नाट्यगृह दोनशेच्या आसपास आसनांचे, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, नट हाताच्या अंतरावर. चौकटीच्या रंगमंचाचा दिमाख तिथे ठरवून टाळला आहे.

१९५२ मध्ये सौराष्ट्रातील गोंडलच्या महाराजांनी इमारत विकत घेतली. चित्रपट चालू राहिले, पण व्हिडिओ आणि केबल आल्यावर एकपडदा थिएटरांची जी गत झाली तीच हिची झाली, आणि १९९३ मध्ये दरवाजे बंद पडले. पावसाळ्यांनी छत झिजवले, गिलावा निघाला, रंगमंचाचे लाकूड खराब झाले. गोंडलचे ज्योतिंद्रसिंहजी यांनी संवर्धनाचे काम वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्याकडे दिले. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. रंगाचे थर खरवडून मूळ छटा शोधल्या गेल्या, रंगीत काचा पुन्हा बसल्या, सिनेमाच्या काळात बदललेले किंवा नष्ट झालेले भाग जुनी छायाचित्रे पाहून घडवले गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मामी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाने दारे उघडली आणि त्याच सुमारास मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांनी इथे गायन केले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांत या कामाला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. खासगी मालकीच्या एवढ्या मोठ्या वास्तूचा असा पुनर्जन्म मुंबईत दुर्मीळ आहे, म्हणून हे श्रेय मालक आणि वास्तुरचनाकार दोघांचे.

प्रत्यक्ष भेटीत नजर आधी दर्शनी भागावरील त्रिकोणी शिल्पपट्टीकडे जाते, पण थांबावे आत, प्रवेशदालनात. इथे ससून घराण्याकडून आलेली मोठी झुंबरे आहेत. वरचा घुमट आठ भागांत विभागलेला असून तो कवी आणि नाटककारांना मानवंदना म्हणून चित्रित केला आहे. सभागृहात खाली स्टॉल, त्यावर ड्रेस सर्कल, त्यावर बाल्कनी. मुळात मागच्या बाजूस खासगी बॉक्सच्या रांगा आणि वेताच्या खुर्च्या होत्या. गाणे ऐकायचे असेल तर ड्रेस सर्कलची पुढची रांग घ्यावी. खालच्या मजल्यांवर, वरच्या सज्ज्याच्या खाली फार मागे बसले की ध्वनी काहीसा कोंदतो. हे जगातल्या बहुतेक जुन्या नाट्यगृहांबाबत खरे आहे. नाटक असेल, आणि नटाच्या चेहऱ्यावरच जीव असेल, तर स्टॉलच बरा. कार्यक्रम निवडताना शक्य तर ध्वनिवर्धक कमी लागणारा निवडावा: पियानोच्या साथीवर एकल गायन, मोजक्या वादकांचे चेंबर संगीत, नाट्यसंगीताची मैफल. मोठ्या स्पीकरांचे कार्यक्रम कुठेही ऐकता येतात. इमारत पाहण्यासाठी रोज खुली असलेल्या संग्रहालयासारखी नाही; आत जाण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे कार्यक्रमाचे तिकीट.

पूर्ण वाद्यवृंदासह ऑपेरा पाहायचा असेल, तर नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राचे जमशेद भाभा थिएटर (१९९९, आसने ११०९) गाठावे लागते. जगातल्या मोठ्या ऑपेरागृहांपुढे, उदाहरणार्थ पॅरिसच्या पाले गार्निएपुढे (१८७५, सुमारे दोन हजार आसने), रॉयल ऑपेरा हाऊस लहानच आहे. त्या लहानपणाचा फायदा असा, की शेवटच्या रांगेतूनही गायकाचा श्वास घेणे दिसते.

उपनगरांतून येण्याचे मार्ग. बोरिवली, कांदिवली, अंधेरीहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल थेट चर्नी रोडला आणते. बोरिवलीहून साधारण तासाभराचा प्रवास. मुलुंड, भांडुपकरांनी मध्य रेल्वेने दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वे धरावी. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्याने घाटकोपर आणि अंधेरीकरांना दुसरी सोय झाली आहे: वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून गिरगाव किंवा ग्रँट रोड. या दोन्ही स्थानकांवरून नाट्यगृह चालण्याच्या अंतरावर आहे. परतताना मेट्रोची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी; रात्री उशिरा सुटणाऱ्या खेळानंतर लोकलचाच आधार राहतो.

उपनगरांत नाट्यगृहांची वाण नाही. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे महाकवी कालिदास ही महापालिकेची नाट्यगृहे आठवड्याच्या शेवटी मराठी व्यावसायिक नाटकाला जगवतात. घाटकोपरच्या झवेरबेन सभागृहात गुजराती नाटक भरभरून चालते. अंधेरीला भवन्स आहे. त्यांच्याशी ऑपेरा हाऊसची स्पर्धा नाही. तरी एक फरक नोंदवायला हवा. पार्ल्याच्या नाट्यगृहावर ज्या दीनानाथांचे नाव कोरले आहे, त्यांचा गळा जिथे प्रत्यक्ष घुमला त्या मुंबईतल्या जागांपैकी ऑपेरा हाऊस अजून उभे आहे आणि त्याचा रंगमंच चालू आहे. ग्रँट रोड परिसरातली बहुतेक जुनी थिएटरे पडली, पालटली किंवा गोदामे झाली. ज्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तेही आज उरलेले नाही. म्हणून मराठी संगीत नाटकाच्या अभ्यासकाने, आणि नाट्यसंगीत शिकणाऱ्या उपनगरांतल्या प्रत्येक मुलामुलीने, एकदा तरी या रंगमंचासमोर बसून ध्वनिवर्धकाविना गाणे ऐकावे. गुरू जेव्हा आवाज ‘लांब टाकायला’ सांगतात तेव्हा त्यांना नेमके काय हवे असते, हे या सभागृहात पहिल्या दोन-चार मिनिटांत उमगते. संगीत विद्यालयांनी विद्यार्थ्यांची सहल काढावी अशी ही जागा आहे, आणि नाट्यगृहाच्या चालकांनीही अशा गटांसाठी सकाळच्या वेळी दार उघडे ठेवावे.