सी भाषेत फंक्शन आधी ‘डिक्लेअर’ का करावे लागते?

कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या टर्बो सीवर नीट चालणारा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर एरर देऊन अडतो. यामागे अनेकदा एक साधे कारण असते : फंक्शन वापरले, पण त्याचे डिक्लरेशन दिलेच नाही.

सीचा कंपायलर फाइल वरून खाली वाचतो. ‘मेन’मध्ये ‘सरासरी’ हे फंक्शन वापरले आणि ते खाली लिहिलेले असेल, तर तिथपर्यंत कंपायलरला त्याची काहीच माहिती नसते. म्हणून वर एक ओळ द्यायची : ‘डबल सरासरी(इंट अ, इंट ब);’. आधी परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार, मग नाव, कंसात आर्ग्युमेंटचे प्रकार आणि शेवटी सेमीकोलन. हाच प्रोटोटाइप. फंक्शन मुळातच ‘मेन’च्या वर लिहिले, तर ही ओळ लागत नाही.

1989च्या प्रमाण सीमध्ये डिक्लरेशन नसले तरी चालत असे. फंक्शन ‘इंट’ परत करते, असे कंपायलर धरून चालायचा. 1999च्या प्रमाणाने ही सवलत काढली, तरी जीसीसी पुढे कितीतरी वर्षे नुसती वॉर्निंग देत राहिला. 2024मध्ये आलेल्या जीसीसी 14पासून तिची एरर झाली. उशिरा का होईना, बरेच झाले.

कारण धोका खरा होता. ‘सरासरी’ त्याच फाइलमध्ये असेल तर प्रकारांतला विरोध कंपायलर पकडतो. ती दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर मात्र प्रोग्राम बिनतक्रार जोडला जातो. आजच्या 64 बिट पीसीवर ‘डबल’ उत्तर एका रजिस्टरमध्ये येते आणि ‘मेन’ भलत्याच रजिस्टरमध्ये ‘इंट’ शोधते. स्क्रीनवर काहीतरी आकडा उमटतो, तो अर्थातच चुकीचा. यावर उपाय म्हणजे डिक्लरेशन हेडर फाइलमध्ये ठेवून ती दोन्ही फाइलींत इन्क्लूड करणे.

रिकाम्या कंसाचेही एक गौडबंगाल आहे. डिक्लरेशनमधल्या ‘इंट मोजा();’चा जुना अर्थ ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा नसून ‘आर्ग्युमेंट सांगितलेली नाहीत’ असा होता; त्यामुळे ‘मोजा(5, 7)’ लिहिले तरी कंपायलर गप्प बसे. सी23मध्ये हा अर्थ बदलला. तरीही जुन्या कंपायलरसाठी कंसात ‘व्हॉइड’ लिहिणेच चांगले.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार मात्र वेगळी. ती लिंकरची असते : डिक्लरेशन मिळाले, पण फंक्शनचा मजकूर कुठेच सापडला नाही.