चर्चगेटच्या पुढचे स्टेशन

गेल्या वर्षी सहावीच्या मुलांना सहलीसाठी चर्चगेटला नेले. गाडीतून उतरताच एकाने विचारले, ‘‘सर, रूळ इथेच का संपतात? पुढे समुद्र आहे का?’’ समुद्र तर उजव्या हाताला होता. समोर रस्ता, कचेऱ्या आणि गर्दी. पण प्रश्न रास्त होता. 1930 च्या अखेरपर्यंत हे रूळ कुलाब्याला जात.

त्यांचा जन्मच दिवाळखोरीतून झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या धुंदीत बॅक बेचा समुद्र भरून काढायला कंपनी निघाली, लोकांनी शेअर्सवर उड्या टाकल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, 1865 मध्ये कंपनीबरोबर कैक घरेही बुडाली. त्या भरावाच्या चिंचोळ्या पट्टीवरून बी. बी. अँड सी. आय. रेल्वे 1873 मध्ये कुलाब्याला पोचली. जवळच कापसाचा बाजार होता. 1875 मध्ये ससून डॉक झाला. 7 एप्रिल 1896 रोजी तिथे पक्के टर्मिनस उघडले.

प्रवासी आटले की स्टेशन बंद पडते, असा आपला समज. इथे उलटेच घडले. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, आणि तीनच वर्षांत ऐन उमेदीतले स्टेशन गेले! गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 च्या सुमारास बॅक बे भरण्याची नवी योजना निघाली होती. तिच्यातील उधळपट्टीचे वीर नरिमन यांनी जाहीर वाभाडे काढले. (चर्चगेटसमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.) योजना अर्धवट राहिली, पण त्यासाठी चर्चगेटपुढची जमीन सरकारला हवी होती, ती रेल्वेला सोडावी लागली. एका भरावाने दिलेले दुसऱ्या भरावाने काढून घेतले. 18 डिसेंबर 1930 ला बॉम्बे सेंट्रलचे उद्घाटन झाले, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या. 31 डिसेंबरला कुलाबा स्टेशन बंद झाले, लोकल चर्चगेटला अडल्या.

त्या जागी आता रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. मुलांना तिथवर पायी नेले. ऊन कडक होते, पंचवीसेक मिनिटे लागली. प्रश्न विचारणारा मुलगा घाम पुसत म्हणाला, ‘‘सर, रूळ काढले नसते तर आपण बसून आलो असतो.’’