धन्याची पारख

धन्याने नोकराविषयी काय लिहिले, याची दप्तरे भरलेली आहेत. नोकराने धन्याविषयी मनाशी काय ठरविले होते, हे शोधू गेले तर ते बहुधा धन्याच्याच दप्तरात, आणि तेही विनोदाच्या सदराखाली सापडते. स्कॉटलंडातील गोल्फच्या खेळाचा जुना इतिहास चाळताना ही गोष्ट मला वारंवार जाणवली.

खेळाचे स्वरूप अगदी साधे आहे. समुद्रकाठच्या विस्तीर्ण माळावर काठीने चेंडू टोलवीत न्यावयाचा आणि ठिकठिकाणच्या लहान खळग्यांत तो कमीत कमी टोल्यांत पाडावयाचा. खेळाडूच्या काठ्यांचा भार घेऊन जो बरोबर चालतो त्याला कॅडी म्हणतात. परंतु भार वाहणे हे त्याचे निम्मेच काम. वारा कोणीकडचा आहे, खळगा किती दूर आहे, कोणती काठी हाती घ्यावी, हे तो सांगणार; आणि खेळाडू परगावचा असला म्हणजे तर त्याची सर्व भिस्त या माणसावरच. एकाच गृहस्थाबरोबर तासन्‌तास चालावयाचे, त्याचा संताप, त्याची फुशारकी आणि कोणी पाहत नाहीसे वाटले म्हणजे चेंडूला हळूच लावलेला पाय, हे सर्व पाहावयाचे आणि काही न बोलता पुढची काठी हाती द्यावयाची. माणूस पारखण्याची इतकी निकट संधी एका न्हाव्याखेरीज दुसऱ्या कोणाला मिळत असेलसे वाटत नाही.

‘कॅडी’ हा शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा अर्थ घरातील धाकटा मुलगा. तो स्कॉटलंडात आला आणि अठराव्या शतकात एडिंबरोच्या रस्त्यांवर निरोप पोचविणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या व वाट दाखविणाऱ्या लोकांना लागू पडला. शहरात नवा मनुष्य उतरला की तो कोण, कोठला आणि कोणाकडे उतरला, हे या लोकांना तत्काळ कळे, असे त्या काळच्या प्रवाशांनी नवलाने लिहून ठेवले आहे. पाहुण्याने शहर पाहण्यापूर्वी शहराने पाहुणा पाहून घेतलेला असे!

सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ खेळणाऱ्या सरदार-जमीनदारांनी १७५४ साली आपली मंडळी स्थापन केली. हिलाच पुढे १८३४ साली राजाश्रय मिळून ‘रॉयल अँड एन्शंट क्लब’ हे नाव प्राप्त झाले. या मंडळीने १७७१ साली केलेला एक ठराव मला फार बोलका वाटतो. काठ्या वाहणाऱ्या अथवा पुढे धावून चेंडूवर नजर ठेवणाऱ्या कॅडीला अमुक एका खळग्यापर्यंत गेल्यास चार पेन्स द्यावेत, त्यापलीकडे गेल्यास सहा पेन्स, आणि त्याहून अधिक देऊ नये. जो सभासद अधिक देईल त्याने पुढच्या बैठकीस क्लॅरेट मद्याच्या दोन बाटल्या दंडादाखल द्याव्यात. कमी देणाऱ्याला दंड नाही. दंड आहे तो हात सैल सोडणाऱ्याला, आणि दंडाचे मद्य पिणार दर ठरविणारेच! कॅडीला आपल्या धन्याविषयी काय वाटत असेल याचा एक उलटा पुरावा या ठरावात दडलेला आहे. कोणी तरी जास्त देत होते, आणि ते कोण हे कॅडी मंडळींना चांगले ठाऊक होते, म्हणूनच तर बाकीच्यांची अडचण झाली असली पाहिजे.

१८५२ साली सेंट अँड्र्यूजला आगगाडी आली आणि परगावच्या खेळाडूंची संख्या वाढत चालली. त्या सुमाराचा ‘लांब्या विली’ नावाचा कॅडी प्रसिद्ध आहे. तेथील विद्यापीठातील एका प्राध्यापकाला तो खेळ शिकवीत होता. प्राध्यापकांचा चेंडू काही केल्या हलेना. शेवटी विली म्हणाला, पोरांना लॅटिन आणि ग्रीक कोणीही शिकवील, साहेब; गोल्फला मात्र डोके लागते! गोष्ट मजेची आहे, आणि गोल्फच्या प्रत्येक जुन्या ग्रंथात ती असावयाचीच. परंतु मला तिच्याविषयी थोडी शंका येते. खोटी आहे म्हणून नव्हे, तर ती कोणी जपून ठेवली म्हणून. ज्या बोलण्यावर धन्याला भोजनोत्तर हसता आले तेवढेच ग्रंथात उतरले. जे हसण्यासारखे नव्हते ते समुद्रकाठच्या वाऱ्यावर गेले. मंडळींच्या खेळावर ज्याचे पोट, त्याने किती बोलावे यालाही मर्यादा असणारच. त्यामुळे त्याचे खरे मत एखाद्या सर्वनामात लपून राही. खळगा जिंकला म्हणजे ‘आपण जिंकलो’ आणि गमावला म्हणजे ‘तुम्ही गमावलात’ हे कॅडीचे व्याकरण सर्वश्रुत आहे.

क्वचित हे मत निशाण होऊनही फडके. नॉर्थ बेरिक येथे क्रॉफर्ड नावाचा धिप्पाड कॅडी होता. वंगभंगाच्या वेळी विलायतेचे मुख्य प्रधान असलेले आर्थर बाल्फोर हे त्याचे आवडते खेळाडू. क्रॉफर्डचे माळावर पेयांचे छोटेसे दुकान होते, आणि बाल्फोर खेळावयास आले की त्यावर तो निशाण चढवी. एकदा रशियाचे ग्रँड ड्यूक मायकेल तेथे आले होते. ते निशाण पाहून हा आपलाच सन्मान असे समजून ते आभार मानू लागले. क्रॉफर्डने माफी मागून सांगितले की, निशाण आहे ते आज बाल्फोरसाहेब माळावर आहेत म्हणून.

सेंट अँड्र्यूजच्या नव्या कप्तानाचा वार्षिक विधी तर अधिकच सूचक. कप्तान पहिला चेंडू टोलवितो, तोफ उडते, आणि पुढे पांगून उभे असलेले कॅडी त्या चेंडूसाठी झुंबड करतात. चेंडू आणून देणाऱ्याला सोन्याचे नाणे मिळते. अर्थात कोठे उभे राहावयाचे याचा हिशेब प्रत्येकाने आधीच केलेला असतो. कप्तान कसलेला असेल तर दूर, बेताचा असेल तर जवळ.

१९२२ साली हा मान युवराज एडवर्ड यांच्याकडे आला. आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, हेच युवराज मुंबईस उतरले तेव्हा शहरात बहिष्कार पुकारला गेला होता आणि दंगलही उसळली होती. सेंट अँड्र्यूजला तसे काहीच झाले नाही. गर्दी लोटली होती, टोप्या उडत होत्या, कोणाच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही. फक्त कॅडी लोक, एका गोल्फ-लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे, राजनिष्ठेला न शोभेल इतके जवळ येऊन उभे राहिले होते.