अवग्रहाखालचा श्वास

परवा वाशिमला गेले, तर आत्याच्या वह्या सापडल्या! शाळेतल्या मुलींकडून ती समूहगीतं बसवून घ्यायची, त्यांची स्वरलिपी. टाईप करून सगळ्यांना पाठवू म्हटलं, तर फॉन्ट बदलला की केहरव्याच्या आठ मात्रा सरकायच्या.

भातखंड्यांच्या (१८६०-१९३६) पद्धतीत स्वर लांबवायला वर आडवी रेघ आणि अक्षर लांबवायला खाली अवग्रह 'ऽ'. दोन्ही एकाखाली एकच हवेत. उस्ताद सहजी देत नसत अशा चिजा त्यांनी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत याच खुणांनी छापल्या. रेघ एक घर सरकली की चालच बदलते.

शेवटी स्पेसबार सोडून टेबल केलं. एका मात्रेला एक चौकोन. जुळलं!

पण काही रेघांवर लाल टिंब होतं. स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, पण रेघेवर? डाग समजून पुसणारच होते. आत्या आता नाही, म्हणून आतेबहिणीला फोन केला. "अगं, तिथे सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा!"

प्रिंट काळी निघते, म्हणून त्या चौकोनांत 'श्वा' लिहिलंय. घरच्यांनो, ते गायचं नाही हं :)